उपकरण क्रमांक सत्तेचाळीस

"फोन जरा खाली घ्या," फोनवरची दुभाषी बाई म्हणाली. "अजून खाली. डावीकडे. हं, थांबा. ती वस्तू काय आहे?"

रामिरोनं फोन धरलेला हात थांबवला. नेल्बा गोने त्याच्या मागे चार पावलांवर उभी होती. तिला पडदा दिसत नव्हता, पण फोन कशावर रोखला आहे ते दिसत होतं. बटणांच्या रांगेखाली स्टीलची एक अरुंद फळी होती आणि त्या फळीवर दूध वाळवायचा मनोरा चालवणाऱ्या वॉशिंग्टनचा तुंबा होता. पोकळ भोपळ्याचा, बाहेरून काळं कातडं शिवलेला, आत भिजलेला हिरवा पाला, पाल्यातून वर आलेली वाकडी नळी. शेजारी थर्मास, झाकण अर्धवट फिरवलेलं.

नियंत्रण-खोलीत पाच जण होते. पांढरे झगे, पांढऱ्या टोप्या, तोंडावर पट्ट्या. डोळे तेवढे उघडे, आणि त्या क्षणी ते सगळे एकाच जागी खिळले होते.

"ती नमुना घ्यायची वस्तू आहे," रामिरो म्हणाला. "भुकटीतला ओलावा बघायला. जुन्या पद्धतीची."

दुभाषी बाई तिच्या भाषेत काही बोलली. मग एका पुरुषाचा आवाज आला, सावकाश, थकलेला. कागद उलटल्याचा आवाज आला.

"साहेब म्हणतात, उपकरणांच्या यादीत सेहेचाळीस नोंदी आहेत. ही त्यांतली कितवी?"

"सत्तेचाळिसावी. यादी मागच्या महिन्यातली आहे. नवी पाठवायची राहिली."

नेल्बानं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"मग क्रमांक सत्तेचाळीसचा तपासणी-दाखला दाखवा. तारीख आणि जबाबदार व्यक्तीची सही पाहिजे. आम्ही वीस मिनिटं थांबतो."

पडदा काळा झाला. मनोऱ्याच्या पंख्याची घरघर, जी इतका वेळ कुणाला ऐकू येत नव्हती, ती आता ऐकू यायला लागली.

"ओलावा बघायला," वॉशिंग्टन म्हणाला. "खरंय की. घसा कोरडा पडला की मी त्यातूनच बघतो."

कुणी हसलं नाही. पहाटेचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर जुलैच्या हिवाळ्यातलं दहिवर पडलं होतं, आणि पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, जिथे ते साहेब बसले होते, तिथे संध्याकाळचे पाच वाजून गेले होते.

सान्ता एमिलियात माणसं दोन हजार आणि गाई सात हजार. उरुग्वे देशाचाच हिशेब साधारण तसा आहे, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. गावाच्या टोकाला सहकारी दूधसंघाचा कारखाना होता. सकाळी दूध यायचं, मनोऱ्यात गरम हवेत फवारलं जायचं आणि खाली भुकटी होऊन पडायचं. पंचवीस किलोची पोती. एकशे चाळीस माणसं त्यावर जगायची, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे नव्वद गोठे. पूर्वी ही भुकटी उत्तरेकडच्या दोन देशांत जायची. त्यातल्या एकानं घेणं बंद केलं. दुसऱ्यानं स्वतःचे मनोरे उभे केले. गेल्या हिवाळ्यात चार महिने कारखान्याचं धुराडं थंड होतं. माणसं निम्म्या पगारावर घरी बसली होती आणि दुपारी चौकात एकमेकांना टाळत होती.

मग राजधानीतून रामिरो आला. वय चौतीस, बोलणं भराभर, डोळ्यांखाली काळं. "तिकडे जायचं," तो पहिल्याच सभेत म्हणाला. "चीनला. तिकडच्या एकेका शहरात आपल्यासारखे सात देश मावतात. एकदा त्यांच्या यादीत नाव चढलं की तुमच्या नातवंडांपर्यंत बघायला नको." यादी वर्षातून एकदा उघडायची. त्यांची माणसं आता स्वतः येत नसत. फोनवरून सगळा कारखाना दाखवावा लागे. यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी. आणि पुढचा हिवाळा संघाला दिसेल की नाही, हे संचालकांनी उघड सांगितलं नाही तरी सगळ्यांना कळलं होतं.

पंधरा दिवस तयारी चालली. जमिनीवर लाल रेषा आखली. तिच्या आत भुकटीशिवाय आणि कामाच्या माणसांशिवाय काही असता कामा नये. भिंतीवरची दिनदर्शिका गेली. संत कायेतानोची तसबीर गेली. रेडिओ गेला, वॉशिंग्टनच्या खुर्चीवरची उशी गेली. अंगठ्या काढायच्या होत्या. नवरा एल्बियो जाऊन नऊ वर्षं झाली तरी नेल्बाची अंगठी बोटातच होती; ती साबण लावून अर्धा तास ओढत बसली तेव्हा निघाली.

तीन रंगीत तालमी झाल्या. रामिरो फोन घेऊन सगळीकडे फिरला, त्याचं चित्रण केलं आणि ते नेल्बाकडे दिलं. कारखान्यात तेहेतीस वर्षं काढलेली, प्रयोगशाळा सांभाळणारी बाई. तिची नजर चुकत नाही असं सगळे म्हणायचे. तिनं ती तिन्ही चित्रणं घरी पेन्सिल घेऊन तीनतीनदा पाहिली. एकतीस दोष काढले. तिसऱ्या खांबावर गंजाचा ओघळ, दोन बोटं लांब. दिव्याच्या काचेत मेलेला पतंग. एक स्क्रू कमी. दुसऱ्या चित्रणात नियंत्रण-खोलीत फोन थोडा हलला होता आणि एक घुरघुरता आवाज आला होता. तिथे तिनं लिहिलं, 'पाइपमध्ये हवा अडकते. तपासणे.' तो रामिरोच्याच घोटाचा आवाज होता. वॉशिंग्टननं चालता चालता तुंबा पुढे केला होता आणि रामिरोनं चित्रण न थांबवता एक घुटका घेतला होता.

तिन्ही चित्रणांत तुंबा होता. फळीवर, उजेडात, मधोमध. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या देशात माणूस थर्मास खरोखर काखेत धरूनच चालतो. बँकेत, दवाखान्यात, प्रेतयात्रेत. तुंब्यातलं ते पेय, माटे, प्यायला कुणी थांबत नाही आणि कुणी बघत नाही. आपलं नाक आपल्याला दिसतं का, तसंच ते.

आदल्या दिवशी दुपारी नेल्बानं शेवटच्या कागदावर सही केली होती. 'लाल रेषेच्या आत खाण्यापिण्याची कोणतीही वस्तू नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.' समोरच्या चौकोनात खूण. खाली पूर्ण नाव, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं. तिचे वडील वाल्देन्स या ख्रिस्ती पंथाचे, साध्या पांढऱ्या देवळात जाणारे. ते म्हणायचे, सही वाचता आली नाही तर ती सही नाही, चित्र आहे.

प्रयोगशाळेत रामिरोनं संगणकावर दाखल्याचा कोरा नमुना उघडला. क्रमांकाच्या जागी त्यानं सत्तेचाळीस घातलंही होतं.

"दोन्या नेल्बा, एकच पान आहे," तो म्हणाला. गावात वडीलधाऱ्या बायकांना म्हणतात तसं तो तिला मानानं 'दोन्या' म्हणायचा. "तारीख मेची टाकू. बाकी तुम्ही सांगाल तसं."

"कशाच्या तुलनेत तपासलं म्हणून लिहायचं?"

"म्हणजे?"

"प्रत्येक उपकरण कशाच्या तरी तुलनेत तपासतात. चूक किती निघाली तेही लिहावं लागतं."

"काहीही लिहा."

"काहीही असा आकडा नसतो, रामिरो."

तो खुर्चीत बसला. पट्टी गळ्याशी ओढून त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "मला माहितीय मी काय केलंय. तोंडातून निघून गेलं. सहा महिने मी त्यांच्या वेळेप्रमाणे उठतोय. माझी पोरगी मला फोनमधला काका समजते. एका भोपळ्यापायी हे सगळं जायचं का?"

वॉशिंग्टन अकोस्ता दारात उभा होता. आत यायचं तर पाय धुवावे लागतात म्हणून तो उंबऱ्यावरच थांबला. एकसष्ट वर्षांचा, रुंद, बुटका. मनोऱ्याजवळ सत्तावीस वर्षं काढल्यामुळे तो बारीक आवाजात बोलू शकत नसे.

"माझं नाव सांगा ना," तो म्हणाला. "म्हातारा चुकला, म्हाताऱ्याला हाकलला. त्यांना तेच पाहिजे असतं. एक माणूस द्या, गप्प बसतील."

"तसं सांगितलं तर आधी मी खोटं बोललो हेही सांगावं लागेल."

"मग तेही सांग. तोंड तुझं, तुंबा माझा. दोघंही जाऊ. बसस्टँडवर तोर्ता तळू. मी पीठ मळेन, तू गिऱ्हाइकांना थापा मार."

"वॉशिंग्टन, गप्प बस," नेल्बा म्हणाली.

"बसतो, बारके."

तो तिला पहिल्या दिवसापासून बारके म्हणायचा. तेव्हा तिचं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं. आता ते त्रेसष्ट होतं, पण हाक तीच राहिली.

तिनं घड्याळाकडे पाहिलं. तेरा मिनिटं उरली होती. वॉशिंग्टनच्या निवृत्तीला चौदा महिने होते. तरुणपणी त्यानं दहा वर्षं गोठ्यांवर काढली, तिथं कुणी त्याचं नाव सरकारदरबारी लावलं नाही. त्यामुळे वर्षं कमी पडत होती. दोषी ठरवून काढला असता तर त्याला पुन्हा कोण घेणार होतं. त्याची बायको डायलिसिसवर होती. हे सगळं नेल्बाला माहीत होतं, आणि त्यालाही, म्हणूनच तो इतका विनोद करत होता.

सही केली तर काय होईल, याचाही तिनं विचार केला. नेहमीच्या पद्धतीनं, पायरी पायरीनं. बहुधा काही होणार नाही. साहेब कागद बघतील, नोंद करतील, पुढच्या खोलीत चला म्हणतील. एकशे चाळीस माणसं कामावर राहतील. कातडं शिवलेला एक भोपळा तिकडच्या एका कपाटात कायमचा ओलावा मोजत बसेल. आणि यापुढे जेव्हा ती एखाद्या पोत्याच्या दाखल्यावर लिहील की ओलावा तीन पूर्णांक चार, तेव्हा तो आकडा नेमका कसला, हे तिला स्वतःलाच सांगता येणार नाही.

ती उठली. खणातून मोजपट्टी आणि थर्मामीटर घेतला.

"कुठं चाललात?" रामिरोनं विचारलं.

"मोजायला."

"काय?"

"फळीपासून भुकटी पडायचं तोंड किती लांब आहे ते. आणि पाण्याचं तापमान."

"ते कशाला?"

"विचारतील," ती म्हणाली.

पडदा उजळला तेव्हा रामिरोच्या हातात कोरा दाखला होता आणि नेल्बाच्या हातात पेन्सिलीनं लिहिलेला कागद. ती फोनसमोर येऊन उभी राहिली. पडद्यावर तिला पहिल्यांदाच तो माणूस दिसला. पन्नाशीचा, राखाडी सदरा, मान एका बाजूला अवघडलेली. मागे खिडकी, खिडकीत उतरत्या उन्हातल्या उंच इमारती. त्यालाही घरी जायचं असणार, असं तिला वाटून गेलं.

"मी नेल्बा गोने," ती म्हणाली. "प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. ती वस्तू उपकरण नाही. तिला दाखला नाही. ते पिण्याचं भांडं आहे. आमच्याकडे एक झाड असतं, त्याचा वाळलेला पाला त्यात घालतात, वरून गरम पाणी ओततात आणि नळीनं पितात."

रामिरोनं फोन बंद केला नाही.

दुभाषी बाई स्पॅनिश कुठे शिकली होती कोण जाणे, पण तिथे हे पेय नसावं. मग ती बोलायला लागली आणि त्या मानानं बराच वेळ बोलली. साहेबांनी काही विचारलं.

"फळीपासून भुकटीच्या तोंडापर्यंत अंतर किती?"

"चार मीटर वीस सेंटिमीटर. मध्ये काचेचं दार आहे. ते आत्ता बंद आहे, पण नेहमी बंद असतं असं मी म्हणणार नाही."

"पाला हवेत उडतो?"

"कोरडा असताना बारीक धूळ उडते. भिजल्यावर नाही. तो खोलीबाहेर भिजवून आणतात, पण त्यासाठी नियम नाही. सवय आहे."

"पाण्याचं तापमान?"

"आत्ता एकाहत्तर अंश."

"एकाच नळीनं सगळे पितात?"

"हो."

"किती जण?"

"पहाटेच्या फेरीला चार."

"नळी धुतात?"

"फेरी संपल्यावर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पुढचं जे विचारलं, ते दुभाषी बाईनं जरा हळू आवाजात सांगितलं. "साहेब विचारतात, मग आधी उपकरण का म्हणालात?"

रामिरोनं तोंड उघडलं. नेल्बा त्याच्या आधी बोलली. "भीती वाटली म्हणून."

"कुणाला?"

"आम्हाला सगळ्यांना."

हे भाषांतर व्हायला वेळ लागला नाही.

"जबाबदार कोण?"

वॉशिंग्टन पुढे सरकला. बुटाचा आवाज झाला. नेल्बानं मागे न बघता हात आडवा धरला, रस्ता ओलांडताना लहान मुलापुढे धरतात तसा.

"मी," ती म्हणाली.

"वस्तू तुमची आहे?"

"वस्तू कुणाचीही असेल. ती इथे नाही असं काल मी लिहून दिलं होतं, आणि ती इथे आहे. कागद तुमच्याकडे आहे. खालची सही माझी."

साहेबांनी समोरच्या ढिगातून तो कागद शोधून काढला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला. मग नाव विचारलं, आणि नेल्बानं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. पलीकडे ते चौकोनी लिपीत लिहिलं गेलं. रोमन अक्षरांत आडनावात दोन न येतात, हे तिनं दोनदा सांगितलं.

तपासणी आणखी एक तास चालली. गंजाचा ओघळ त्यांनी विचारला नाही. पतंगही नाही.

आठ वाजता बाहेर ऊन पडलं. कुंपणाजवळच्या निलगिरीखाली वॉशिंग्टन थर्मास काखेत धरून उभा होता. नेल्बा त्याच्याजवळ गेली. पांढऱ्या झग्यात तिला थंडी वाजत होती.

"तुला कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"काय?"

"मध्ये हात घालायला. मी काय लहान पोर आहे? सत्तावीस वर्षं मी तो मनोरा चालवतोय. एक दिवस माझं नाव कुणीतरी विचारलं, तर तेही तूच घेतलंस."

"मी तुझ्यासाठी नाही केलं."

"तेच तर."

त्यानं सवयीनं तुंबा भरला, स्वतः प्यायला आणि पुन्हा भरला. दुसऱ्यांदा भरलेला तुंबा त्यानं हातात धरून ठेवला. तो तिला द्यायचा की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं. पाला थंड होत गेला. मग त्यानं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं आणि आत निघून गेला.

पत्र सहा आठवड्यांनी आलं. रामिरो ते घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आला. पाय धुऊन, टोपी घालून.

"मिळालं," तो म्हणाला. "अटी आहेत. सात."

"वाच."

त्यानं वाचल्या. खोलीचं दार आपोआप बंद होणारं बसवा. लाल रेषेपर्यंत कॅमेरे. खाण्यापिण्याच्या वस्तू फाटकावर. तो पाचव्या अटीपाशी अडखळला, आणि मग त्यानं कागद तिच्याकडेच दिला. पाचव्या अटीत लिहिलं होतं की ज्या व्यक्तीचं निवेदन प्रत्यक्ष पाहणीत चुकीचं आढळलं, तिची सही इथून पुढे कुठल्याही दाखल्यावर ग्राह्य धरली जाणार नाही. पुढे तिचं नाव होतं. दोन्ही न बरोबर होते.

"माझं नाव कुठंच नाही," रामिरो म्हणाला. "मी शोधलं."

"त्यांनी विचारलं तेवढंच लिहिलंय. नीट काम आहे."

"दोन्या नेल्बा, तुम्ही सही केली असती तर..."

"तर तुला आज हे पत्र बघून बरं वाटलं असतं का?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "वाटलं असतं," तो म्हणाला.

ती हसली. त्याला त्याचं हे उत्तर पुढे बरेच दिवस लागून राहिलं, पण तिला ते आवडलं होतं.

तिला काढलं नाही. संचालक चांगले होते. त्यांनी तिचा पगारही कमी केला नाही. तिची बदली दूध उतरवण्याच्या धक्क्यावर झाली, जिथे पहाटे टँकर आणि लहान गोठेवाल्यांचे कॅन येतात. तेहेतीस वर्षांपूर्वी तिनं तिथूनच सुरुवात केली होती, फक्त तेव्हा तिला वाकताना गुडघा आठवत नसे. प्रयोगशाळेत पायसांदू शहरातली रोसिना नावाची मुलगी आली. सव्वीस वर्षांची, हुशार, भित्री. पहिले काही दिवस ती दुपारी धक्क्यावर यायची, हातात गाळणीची चकती घेऊन.

"हे करपलेले कण म्हणायचे की नाही?"

"उजेडाकडे धर. तपकिरी की काळे?"

"मधले."

"मधलं काही नसतं. सकाळी डोळे ताजे असताना बघ, आणि जे दिसेल ते लिही."

मग रोसिनाला यायची गरज पडेनाशी झाली.

फाटकावर सुतारानं लांब मांडणी ठोकली, खणाखणावर नावं लावली. माणसं आत जाताना थर्मास तिथं ठेवायची आणि सुट्टीच्या वेळी बाहेर घोळक्यानं उभी राहायची. सुरुवातीला कुरकुर झाली, मग सवय झाली. वॉशिंग्टन घोळक्यात उभा राहत नसे. एकदा ती त्याच्याजवळून जात होती, तेव्हा तो म्हणाला, "तुझ्याशी भांडण नाही, बारके. घशाखाली उतरत नाही, एवढंच." ती म्हणाली, "बायको कशी आहे?" तो म्हणाला, "आहे." इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना याहून जास्त काही विचारलं नव्हतं, पण पूर्वी ते कमी वाटत नसे.

नोव्हेंबरात पहिले चार कंटेनर निघाले. संघानं मैदानात मांस भाजलं, शाळेची मुलं झेंडे घेऊन आली, राजधानीहून कुणी कुणी आलं आणि त्यांनी भाषणात मोठमोठे आकडे सांगितले. रामिरोच्या कडेवर त्याची मुलगी होती. ती झोपली होती. पोत्यांवरच्या दाखल्यांवर रोसिनाची सही होती. गोल, घाईची, न वाचता येणारी.

नेल्बाला धक्क्यावरून मैदान दिसत नव्हतं, धूर दिसत होता. तिचं काम संपायचं होतं. अदेमार तुर्न उशिरा आला होता, जुन्या गाडीत सहा कॅन घेऊन. सत्तर वर्षांचा, अकरा गाई. त्यानं कॅनचं झाकण उघडलं आणि टोपी मागे सारली.

तिनं थर्मामीटर दुधात बुडवला, मनात साठपर्यंत मोजलं आणि काढला.

"किती?" अदेमारनं विचारलं.

"नऊ पूर्णांक एक."

"कूलर परवापासून बंद आहे. माणूस उद्या येतो म्हणालाय." तो जरा थांबला. "सात लिही की. आज सगळे तिकडे खायला गेलेत. कोण बघतंय?"

"कुणी नाही," नेल्बा म्हणाली.

"मग?"

"मग नऊ पूर्णांक एक आहे, अदेमार. हे मनोऱ्यात नाही जाणार. चीजच्या दुधात घेतील, भाव कमी मिळेल. उद्या पहाटे लवकर आण, कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून आण. मी पाचला असते."

म्हाताऱ्यानं मान हलवली. राग नव्हता त्यात. हवेबद्दल ऐकल्यावर हलवतात तशी मान होती. त्यानं एकेक कॅन उचलून डावीकडे ठेवला, आणि शेवटच्या दोन कॅनना तिनं हात लावला.

मग ती खांबाला टेकून उभी राहिली आणि तिनं पावती-पुस्तकात लिहिलं. तारीख, गोठ्याचं नाव, कॅन सहा, तापमान नऊ पूर्णांक एक. आकडे स्वच्छ, दुरूनही वाचता येतील असे. हात सवयीनं कागदाच्या तळाशी गेला आणि तिथे थांबला. त्या कागदावर सहीसाठी जागाच नव्हती.

तिनं पान फाडून अदेमारला दिलं आणि थर्मामीटर धुवायला घेतला.